पदक कोणाला मिळतं, नाव कोण पाठवतं: आगीत-पुरात धावून जाणाऱ्यांच्या सन्मानाबद्दल सोप्या भाषेत

दरवर्षी प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन आला की बातमी येते, अमुक इतक्या जवानांना राष्ट्रपती पदक जाहीर. आपण यादी उघडतो, आपल्या जिल्ह्यातलं कोणी आहे का बघतो, एखादं नाव सापडलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, चार-पाच जण अभिनंदन लिहितात आणि विषय तिथेच संपतो. ही यादी बनते कशी हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. बऱ्याच जणांना वाटतं की सरकारकडे सगळी नोंद असते, कोणी मोठं काम केलं की ते आपोआप वरपर्यंत पोचतं. तसं अजिबात होत नाही. कोणीतरी बसून कागद तयार करतं, पुरावे जोडतं, वेळेत पाठवतं, मग ते नाव पुढे सरकतं. जिथे असं करणारं कोणी नसतं तिथे माणूस दहा जणांना पुरातून काढून घरी जातो, कपडे वाळत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, कागदावर त्याचं नावही नसतं. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून ही सगळी पद्धत जमेल तेवढी सोपी करून सांगतोय.

आधी एक फरक डोक्यात पक्का करू. सरकारी सन्मान दोन जातीचे असतात, शौर्याचे आणि सेवेचे. शौर्य म्हणजे एखाद्या ठराविक दिवशी, ठराविक ठिकाणी जीव धोक्यात घालून केलेलं काम. सेवा म्हणजे वर्षानुवर्षं नीट, प्रामाणिकपणे केलेली नोकरी. आगीत शिरून मुलाला बाहेर काढणारा जवान पहिल्या गटात येतो आणि पंचवीस वर्षं बंबाचा पंप कधी बंद पडू न देणारा दुसऱ्या गटात. दोघांचंही काम तितकंच लागतं, पण बातमी पहिल्याचीच होते.

पूर्वी पोलीस, अग्निशमन, होमगार्ड आणि नागरी संरक्षण, तुरुंग अशा प्रत्येक दलाची वेगवेगळी पदकं होती, सगळी मिळून सोळा. नावं इतकी सारखी की कोणतं कशासाठी हे त्या दलातल्या लोकांनाही पटकन सांगता यायचं नाही. केंद्राने ती सगळी एकत्र करून चारच ठेवली आणि २६ जानेवारी २०२४ च्या यादीपासून ती दिसायला लागली. शौर्याची दोन, म्हणजे राष्ट्रपती शौर्य पदक आणि शौर्य पदक. सेवेची दोन, म्हणजे विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपती पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी पदक. बस, एवढंच. शौर्य पदकासोबत पदकधारकाला दरमहा भत्ता पण मिळतो. या चार पदकांसाठी नाव त्या त्या दलाकडून वर जातं, मग राज्य सरकार, मग केंद्रीय गृहखातं. म्हणजे तुम्ही-आम्ही नागरिक म्हणून यात थेट काही करू शकत नाही, पण एखाद्या जवानाने आपल्या इमारतीत केलेल्या कामाचं लेखी पत्र त्याच्या अग्निशमन केंद्राच्या प्रमुखाला नक्की देऊ शकतो, आणि असं पत्र फाईलला लागलं तर कामाला येतं. लोक बंबवाल्यांना त्या रात्री चहा देतात, पत्र द्यायचं मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही.

आता दलात नसलेल्या माणसाचं काय? कोळी, भोई, पट्टीचा पोहणारा, शाळेतली मुलगी, रस्त्यावरून जाणारा रिक्षावाला, गिर्यारोहक? त्यांच्यासाठी जीवन रक्षा पदक आहे. हे १९६१ पासून आहे आणि त्याच्या तीन पायऱ्या आहेत: सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. बुडणं, आग, अपघात, विजेचा धक्का, दरड कोसळणं, जनावराचा हल्ला, खाणीतली दुर्घटना अशा प्रसंगात कोणाचा जीव वाचवला तर हे मिळू शकतं. पदक, प्रमाणपत्र आणि एकरकमी पैसे असं त्याचं स्वरूप आहे, मरणोत्तरही दिलं जातं, आणि नावं साधारण प्रजासत्ताक दिनाच्या वेळेला जाहीर होतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी भल्याभल्यांना माहीत नसते. पोलीस, लष्कर किंवा मान्यताप्राप्त अग्निशमन दलातला माणूससुद्धा जीवन रक्षा पदकाला पात्र असतो, पण तो ड्युटीवर नसेल तरच. समजा एक फायरमन सुट्टीवर गावी गेलाय आणि विहिरीत पडलेल्या पोराला त्याने उडी मारून काढलं, तर तो जीवन रक्षा पदकासाठी चालतो. तोच माणूस तेच काम कॉल आल्यावर गणवेशात करतो तेव्हा ते त्याच्या दलाच्या शौर्य पदकाच्या खात्यात जातं. म्हणून नाव पाठवताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की त्या वेळी तो कर्तव्यावर होता का. हे चुकलं की फाईल चुकीच्या टेबलावर जाऊन पडते आणि महिने निघून जातात.

दुसरी गोष्ट, या तीन पायऱ्या किती जणांना वाचवलं यावरून ठरत नाहीत. वाचवणाऱ्याच्या जिवाला किती धोका होता यावरून ठरतात. धोका फार मोठा आणि धैर्य ठळक, तर सर्वोत्तम. जिवाला मोठा धोका पत्करून तातडीने केलं, तर उत्तम. गंभीर इजा होण्याचा धोका होता, तर तिसरं. त्यामुळे शिफारस लिहिणाऱ्याने फक्त "वीस लोकांचे प्राण वाचवले" असं लिहिलं तर निवड करणाऱ्या समितीला हवी ती माहिती मिळतच नाही.

आणि इथेच बहुतेक शिफारसी मार खातात. साधारण मजकूर असा असतो, "स्वतःच्या जिवाची पर्वा न करता अतुलनीय धैर्य दाखवून सामाजिक बांधिलकी जपत पूरग्रस्तांना मदतीचा हात दिला." वाचायला छान, पण यात काय घडलं ते कुठंच नाही. हेच वाक्य कोणाच्याही नावाखाली चिकटवता येईल. समितीतल्या माणसासमोर अशी शेकडो पानं येतात, त्याने काय बघून ठरवायचं?

आता तीच घटना नीट लिहिली तर कशी दिसेल बघा, उदाहरण मी रचलेलं आहे पण कोल्हापूर-सांगलीकडे पूर बघितलेल्यांना ओळखीचं वाटेल. "पहाटे साडेचारची वेळ. पाणी घराच्या खिडकीच्या वर होतं. आत तीन माणसं, त्यातली एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी. बोट यायला अजून दोन तास लागणार होते. याने गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, घेतली, तिला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक समोरच्या गच्चीवरच्या लोकांकडे दिलं आणि सुमारे साठ फूट अंतर प्रवाहाला आडवं पार केलं. तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत काहील कलंडली, हा पाण्यात पडला, वाहून आलेला पत्रा खांद्याला लागला. तरी तिसरी फेरी केली आणि म्हातारीला आणलं. नंतर खांद्याला सात टाके पडले." यात एकही विशेषण नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की दुसऱ्या फेरीनंतर हा माणूस थांबू शकला असता आणि थांबला नाही. धोका कळतो, वेळ कळते, त्याने डोकं कसं वापरलं ते कळतं. शिफारस अशी लिहायची असते, आणि यासाठी साहित्यिक असावं लागत नाही, फक्त त्या रात्री तिथे असलेल्या लोकांना नीट विचारावं लागतं.

विचारायचं काय? पाणी किती होतं, कमरेपर्यंत की डोक्यावरून. अंतर किती. अंधार होता का, वीज चालू होती का. साधन काय होतं. तो पोहायला कुठे शिकला, आधी असं काही केलंय का. कोणी थांबवायचा प्रयत्न केला का. त्याला स्वतःला काय लागलं. वाचलेली माणसं कोण, त्यांचा जबाब मिळेल का. मग कागद: पोलीस पाटलाचा किंवा ठाण्याचा दाखला, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत, दवाखान्याचे कागद, पेपरमधलं कात्रण, तारखेसकट फोटो. मोबाईलमधले व्हिडिओ तर लगेच गोळा करायचे कारण लोक फोन बदलतात आणि सगळं उडून जातं. घटनेच्या आठवड्याभरात हे केलं तर सगळ्यांना सगळं आठवत असतं, सहा महिन्यांनी विचारलं तर प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघते. शिवाय फार जुन्या घटनांच्या शिफारसी घेतल्याच जात नाहीत, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" हे चालत नाही.

हे सगळं जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं, तिथून राज्य सरकार आणि राज्याची शिफारस केंद्रीय गृहखात्याकडे. मग समिती बसते आणि शेवटी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींची मंजुरी. केंद्राचं राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलपण आहे, बऱ्याच पुरस्कारांची नामांकनं तिथे ऑनलाइन घेतात, मुदतीही तिथेच दिसतात. ग्रामपंचायतीने, तरुण मंडळाने, शाळेच्या मुख्याध्यापकांनी हे काम अंगावर घेतलं तर खूप फरक पडेल असं मला वाटतं, कारण ज्याने उडी मारली तो स्वतःसाठी अर्ज लिहायला कधीच बसणार नाही.

रस्ते अपघाताची गोष्ट वेगळी आहे आणि ती प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. अपघात झाला की लोक जखमीला हात लावायला घाबरायचे, पोलीस स्टेशनचे हेलपाटे, कोर्टात साक्ष, दवाखान्यात "आधी पैसे भरा", कोण नसत्या भानगडीत पडणार. मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सोप्या भाषेत, तुम्ही चांगल्या हेतूने मदत केलीत तर जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही.

त्याच्यापुढे जाऊन ऑक्टोबर २०२१ पासून बक्षिसाची योजना आली. गंभीर जखमीला अपघातानंतरच्या पहिल्या तासात, ज्याला गोल्डन अवर म्हणतात, दवाखान्यात पोचवणाऱ्याला ५,००० रुपये. पुढे ही रक्कम २५,००० केली गेली आणि योजनेचं नाव राहवीर झालं. पद्धत अशी की आधी पोलिसांना कळवलं असेल तर डॉक्टरांकडून खात्री करून पोलीस अधिकृत लेटरपॅडवर पोच देतात, त्यात नाव, मोबाईल, ठिकाण, वेळ असते, आणि तिची प्रत जिल्हा समितीकडे जाते. थेट दवाखान्यात नेलं असेल तर दवाखाना पोलिसांना कळवतो. म्हणजे तुमच्या बाजूने लक्षात ठेवायची गोष्ट एकच, ती पोच मागून घ्यायची. संकोच वाटतो हे खरंय, रक्ताने माखलेले कपडे घेऊन तिथे उभं राहून कागद मागणं नको वाटतं. पण मागा, कारण तुम्हाला बक्षीस मिळालेलं बघितलं की पुढच्या वेळी दुसरा कोणी थांबायला कचरणार नाही.

आता या सगळ्या चौकटीच्या बाहेर कोण राहतं ते बघू, कारण मला खरं बोलायचंय ते यांच्याबद्दल.

ॲम्ब्युलन्स. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ पासून आहे. रात्री अडीच वाजता घाटात गाडी घालणारा ड्रायव्हर आणि मागे हलत्या गाडीत सलाईन लावणारे डॉक्टर. वर सांगितलेली ती चार पदकं पोलीस, अग्निशमन, होमगार्ड-नागरी संरक्षण आणि तुरुंग या दलांसाठी आहेत, ॲम्ब्युलन्सवाले त्यात येत नाहीत. परदेशात काही ठिकाणी, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, ॲम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांच्या दीर्घ सेवेसाठी १९९६ पासून वेगळं पदक आहे. आपल्याकडे अशी गरज आहे हे अजून कोणी जोरात मांडतही नाही.

होमगार्ड. यांची सुरुवातच आपल्याकडची, डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत दंगलीच्या काळात. पदकाच्या यादीत यांना जागा आहे, पण रोजच्या जगण्यात हा माणूस स्वयंसेवक समजला जातो आणि ज्या दिवशी ड्युटी त्या दिवसाचा भत्ता. गणपती विसर्जन, निवडणूक, पूर, सगळीकडे उभा. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की यांना कायम करता येणार नाही, पण भत्ता असा द्या की महिन्याचे तीस दिवस ड्युटी केली तर किमान पोलीस शिपायाच्या किमान पगाराइतका व्हावा. माझ्या मते हा निकाल कुठल्याही सत्कारापेक्षा मोठा सन्मान होता, कारण त्यात कोर्टाने मान्य केलं की हे काम पोलिसाच्या कामासारखंच आहे.

आणि मग सह्याद्रीतल्या रेस्क्यू टीम. लोणावळा, खोपोली, महाबळेश्वर, महाड, अशा ठिकाणची ट्रेकर पोरं. कोणाचं दुकान, कोणी शिक्षक, कोणी कंपनीत शिफ्टला. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत गेली तेव्हा स्थानिक ट्रेकर दोर लावून उतरले. असं काम लांबून बघितलं तर दोर आणि हेल्मेट एवढंच दिसतं. जवळून बघितलं तर वेगळंच असतं, पावसात दगड सुटत असतात, धुक्यात खालचा माणूस दिसत नाही म्हणून वॉकीटॉकीवर किंवा ओरडून सूचना द्याव्या लागतात, मृतदेह स्ट्रेचरवर बांधून खडकाला न आपटता वर घ्यायचा असतो कारण वर नातेवाईक उभे असतात. तासन्‌तास दोर ओढून हाताची सालं निघतात. काम संपलं की तीच पोरं दोर धुतात, वाळवतात, एखादा धागा सुटलाय का बघतात, आणि खराब झालेला दोर बऱ्याचदा स्वतःच्या किंवा वर्गणीच्या पैशातून नवा घेतात.

जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा रस्ता नव्हता, मशीन वर जाऊ शकत नव्हती, सगळं पायी. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी तो डोंगर चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. आगीत नाही, कोणाला वाचवताना नाही, वाचवायला जाताना. शौर्य पदकाच्या व्याख्येत एखादी विशिष्ट कृती शोधतात, पण तो चढ चढायला लागणं ही कृतीच होती असं मी मानतो. मृत्यूनंतरची मदत, विमा, घरच्यांना नोकरी या गोष्टींनी खरंतर अशा वेळी सन्मान मोजायला हवा.

अग्निशमन दलाचा स्वतःचा स्मरणदिन १४ एप्रिल. आपल्याला त्या दिवशी आंबेडकर जयंती आठवते, ते योग्यच, आणि जयंतीच्या गर्दीतही बंब उभा असतोच. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापूस होता आणि त्याच्यासोबत दारूगोळा. जवान पाणी मारत असताना स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणून देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीची आग विझवताना मुंबईने चार अग्निशमन अधिकारी गमावले, त्यात खुद्द मुख्य अधिकारी होते. एप्रिलमधल्या त्या सप्ताहात आपल्या जवळच्या अग्निशमन केंद्रात मुलांना घेऊन जायला हरकत नाही. बरेच जवान आवडीने सगळं दाखवतात, आणि घरातला सिलेंडर पेटला तर काय करायचं हेही तिथेच शिकून येता येतं.

स्वयंसेवकांसाठी सरकारची चांगली म्हणावी अशी एक योजना आहे, आपदा मित्र. २०१६ मध्ये पूरप्रवण जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि नंतर ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, ओळखपत्र, आपत्तीत लागणाऱ्या सामानाचं किट आणि विमा. यातला विमा आणि ओळखपत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ओळखपत्र नसलं की पोलीस नाक्यावर अडवतात, आणि विमा नसला की पाय मोडलेल्या स्वयंसेवकाचं घर कोण चालवणार? कोविडमध्ये आपण थाळ्या वाजवल्या, पाठोपाठ आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांच्या विम्याची योजना आली. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना या दोन्हीतलं नेमकं काय कामाला आलं हे वेगळं सांगायला नको.

सुट्टीचं पण असंच. जर्मनीत टी-एच-डब्ल्यू ही आपत्ती मदतीची सरकारी संस्था जवळजवळ पूर्ण स्वयंसेवकांवर चालते. कॉल आला की मालकाला कर्मचाऱ्याला सोडावंच लागतं, पगार कापता येत नाही, आणि खासगी मालकाला तो पगार सरकार भरून देतं. आपल्याकडे रात्रभर दरीत काम करून आलेला पोरगा सकाळच्या शिफ्टला उशिरा पोचला तर हाफ डे लागतो. कंपन्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशातून, सत्कार समारंभ स्पॉन्सर करतात, त्याऐवजी आपल्याच कर्मचाऱ्याला वर्षात पाच दिवस भरपगारी रेस्क्यू रजा दिली तर ती टीम टिकेल.

टीमच्या पातळीवर मोठा पुरस्कार आहे सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार, २०१९ पासून, नेताजींच्या जयंतीला म्हणजे २३ जानेवारीला जाहीर होतो. संस्थेला ५१ लाख, व्यक्तीला ५ लाख, आणि संस्थेने ते पैसे आपत्ती व्यवस्थापनाच्याच कामाला वापरायचे असतात. गावपातळीच्या रेस्क्यू टीमनी पण अर्ज करायला काय हरकत आहे? त्यासाठी प्रत्येक कॉलची वही ठेवायची सवय लागते: तारीख, कॉल कोणाचा आला, किती वाजता निघालो, कोण कोण होतं, काय साधन वापरलं, किती वाजता परत. वही ठेवताना दोर धरणाऱ्यांची, वरून सूचना देणाऱ्यांची, गाडी चालवणाऱ्यांची सगळ्यांची नावं लिहा, फक्त दरीत उतरलेल्याचं नाही, कारण उद्या शिफारस करायची वेळ आली की जिल्हाधिकारी कार्यालयात पहिली मागणी याच वहीची होईल.